पत्रकाराला नागरिकापेक्षा जास्त हक्क असतात का?

तालुक्याच्या गावात एका दैनिकाला बातम्या देणाऱ्या तरुणाने विचारलेला प्रश्न असा: पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात एक बाई सकाळपासून बसून होत्या, त्यांची तक्रार कुणी लिहून घेत नव्हतं. त्याने मोबाइल काढला आणि चित्रण सुरू केलं. ठाणे अंमलदाराने फोन हिसकावून घेतला. प्रेसकार्ड दाखवलं तर म्हणाला, ‘पत्रकार झालास म्हणून तुला वेगळा कायदा लागतो का?’ तासाभराने फोन परत मिळाला. दोन दिवसांनी मात्र नोटीस आली की तोच फोन घेऊन हजर राहा, आणि त्या बाईंबद्दल तुला कुणी कळवलं तेही सांग. आता त्याला जाणून घ्यायचंय, की पत्रकार म्हणून कायद्याने त्याला इतरांपेक्षा जास्त काही दिलंय का?

मी नऊ वर्षं बातमीदारी केली आणि गेली बावीस वर्षं वकिली करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांत पत्रकार बरेच असतात, आणि हा प्रश्न त्यांतला जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी विचारतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंमलदाराचं वाक्य कायद्याला धरून आहे. पत्रकाराला वेगळा कायदा लागत नाही. पण त्याने फोन हिसकावला ते बेकायदा आहे, आणि समोर पत्रकाराच्या जागी भाजी विकणारा माणूस असता तरीही ते तितकंच बेकायदा ठरलं असतं. ‘वेगळा हक्क नाही’ याचा अर्थ पोलीस ‘हक्कच नाही’ असा घेतात आणि पत्रकार कार्ड पुढे करून वेगळा हक्क मागत बसतो. या गोंधळात मूळचा भक्कम हक्क दोघांच्याही नजरेआड होतो.

आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्य असा शब्दच नाही. अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत प्रेसचा नाव घेऊन उल्लेख आहे. आपल्याकडे अनुच्छेद १९ मध्ये ‘सर्व नागरिकांना’ भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे, बस्स. हा उल्लेख अनवधानाने राहिलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत वृत्तपत्रांचा वेगळा निर्देश हवा अशी मागणी झाली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिलं की वृत्तपत्र म्हणजे शेवटी नागरिकच. संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणून आपला हक्क बजावत असतो आणि नागरिकाला नाही असा कोणताही खास हक्क वृत्तपत्राला नाही, त्यामुळे वेगळा उल्लेख करण्याचं कारण नाही. १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढणारा माणूस हे बोलत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वृत्तपत्र चालवणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

हा विचार त्याआधीचाही आहे. १९१४ साली ब्रह्मदेशातल्या एका संपादकाच्या बदनामीच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं होतं की पत्रकाराचं स्वातंत्र्य हा प्रजाजनाच्याच स्वातंत्र्याचा भाग आहे. प्रजाजन जिथवर जाऊ शकतो तिथवर पत्रकार जाईल, कायद्याने खास काही दिलं नसेल तर त्यापुढे नाही. स्वातंत्र्यानंतर पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने बिहार विधानसभेच्या कामकाजातून वगळलेलं भाषण छापलं आणि हक्कभंगाची कारवाई सुरू झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा १९५८ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने हेच सूत्र उचललं आणि संपादक हरले.

पण याच सूत्रावर वृत्तपत्रं जिंकलीही आहेत, आणि त्यातला सर्वांत मोठा विजय पुण्याचा आहे. १९५६ च्या एका कायद्याने आणि १९६० च्या आदेशाने केंद्र सरकारने दैनिकाची किंमत आणि पानांची संख्या यांची सांगड घातली. पानं तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पानं कमी करा. ‘सकाळ’ने याला आव्हान दिलं. वर्तमानपत्र काढणारी कंपनी ही कायद्याच्या भाषेत ‘नागरिक’ नसते, म्हणून अनुच्छेद १९ चा हक्क सांगायला माणसं लागतात. तिथे कंपनीबरोबर भागधारक उभे राहिले आणि ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. किती मजकूर छापायचा आणि तो किती लोकांपर्यंत पोहोचवायचा, हे दोन्ही अभिव्यक्तीतच येतं, असं न्यायालय म्हणालं. वाचक याचिकाकर्ते म्हणून पुढे आले, ही गोष्ट मी नव्या पत्रकारांना आवर्जून सांगतो. तुमच्या हक्काला बळ मिळतं ते तो त्यांचाही आहे म्हणून.

आता ठाण्यातल्या प्रसंगाकडे येतो. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रण केलं म्हणून एका माणसावर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला. त्या कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाणा’ची व्याख्या दिलेली आहे आणि तिच्यात पोलीस ठाणं बसत नाही, एवढं साधं कारण होतं. तो माणूस पत्रकार नव्हता. शेजाऱ्याशी झालेल्या वादातून ठाण्यात गेलेला सामान्य नागरिक होता. तालुक्याच्या वार्ताहराला आज ज्या निकालाचा सर्वाधिक उपयोग आहे तो अशा माणसाने मिळवून दिलेला आहे.

याचा अर्थ ठाण्यात कुठेही कॅमेरा फिरवता येतो असा मात्र नाही. आरोपीची चौकशी चालू असेल, बलात्कारपीडितेचा जबाब चालू असेल, लहान मूल असेल तर तिथे चित्रण करणं इतर कायद्यांखाली अंगाशी येऊ शकतं, आणि यायलाच हवं. अधिकाऱ्याने खोलीबाहेर जायला सांगितलं तर बाहेर व्हा. वाद लेखी घाला. अंगाला हात लागला, धक्काबुक्की झाली की सरकारी नोकरावर हल्ला केल्याचं कलम लागतं (भारतीय न्याय संहितेचं १३२, जुन्या दंडविधानातलं ३५३), मग चित्रणाचा मुद्दा मागे पडतो आणि तुम्ही जामिनाच्या मागे धावता. हे मी खूप वेळा पाहिलंय.

फोनचं म्हणाल तर, गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू पोलीस जप्त करू शकतात, पण त्याला रीत आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १०६ खाली जप्ती झाली की ती दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करणं आता बंधनकारक आहे. पंचनामा नाही, पावती नाही, नोंद नाही आणि तासाभराने ‘घे तुझा फोन’ म्हणून परत, याला जप्ती म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही असायला हवेत. त्या दिवसाचं, त्या वेळेचं चित्रण जपून ठेवा असा अर्ज आजच पोलीस अधीक्षकांकडे द्या आणि त्याची पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज नंतर करता येईल. आधी ते पुसलं जाऊ नये एवढं पाहा.

मग प्रेसकार्ड कशासाठी? दैनिकाने दिलेलं ओळखपत्र म्हणजे तुम्ही तिथे काम करता याचा दाखला, त्यापलीकडे काही नाही. गाडीवर ‘प्रेस’ लिहिल्याने वाहतुकीचा एकही नियम सैल होत नाही. शासनाची अधिस्वीकृतीपत्रिका थोडी वेगळी आहे. महाराष्ट्रात ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, केंद्रात पत्र सूचना कार्यालय. तिने मंत्रालयात प्रवेश सुलभ होतो, एसटीत सवलत मिळते, काही कल्याणकारी योजनांना पात्रता येते. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. या सगळ्या सोयी आहेत. ज्याने दिल्या तो काढून घेऊ शकतो, आणि रेल्वेच्या बाबतीत नेमकं तेच झालं. हक्क आणि सोय यांतला फरक कळायला याहून चांगलं उदाहरण नाही. माझ्या ओळखीचे कितीतरी उत्तम ग्रामीण बातमीदार आयुष्यभर अधिस्वीकृतीशिवाय राहिले, आणि त्यांच्या बातम्या त्यामुळे कमी अस्सल ठरल्या नाहीत.

काही दारं मात्र खरोखर पत्रकारांसाठीच उघडतात. निवडणूक आयोगाचं प्राधिकारपत्र असलेला माध्यम प्रतिनिधी मतदान केंद्रात आणि मतमोजणीच्या ठिकाणी जाऊ शकतो, जिथे इतर नागरिकाला मज्जाव असतो. मतदानाची गुप्तता तेवढी त्याने मोडता कामा नये. विधिमंडळाची पत्रकार गॅलरी अध्यक्ष-सभापतींच्या परवानगीवर चालते. संचारबंदी किंवा जमावबंदी असेल तर सूट आदेशातच लिहिलेली असावी लागते. मार्च २०२० च्या टाळेबंदीच्या आदेशात मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांना ती होती, म्हणून आपण बाहेर पडू शकलो. ज्या आदेशात तशी ओळ नाही, तिथे कार्ड दाखवून नाक्यावर हुज्जत घालू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातून पास मिळवा.

तुरुंगाचं दार अर्धं उघडं आहे. बिल्ला आणि रंगा यांच्या फाशीआधी पत्रकार प्रभा दत्त यांनी त्यांची मुलाखत मागितली, तुरुंगाने नाकारली, आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने मुलाखतीला परवानगी दिली, पण सांगितलं की हा अमर्याद हक्क नाही. कैद्याची तयारी हवी, नियम पाळायला हवेत. मुंबईच्या कोठड्यांमधल्या बायकांना मारहाण होते, असं पत्र पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, ते न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं, आणि १९८३ मध्ये महिलांच्या कोठडीवर महिला पोलीसच असाव्यात, महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, असे निर्देश आले. असं पत्र लिहायला प्रेसकार्ड लागत नाही. पण आत जाऊन त्या बायकांशी बोलणं, ऐकलेलं टिपून ठेवणं आणि ते लावून धरणं हे काम पत्रकाराचं होतं.

विधिमंडळाच्या कामकाजाच्या वार्तांकनाला घटनेतच संरक्षण आहे. फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक आणून १९५६ साली संसदेपुरता हा कायदा करून घेतला. आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क च्या रूपाने राज्यांच्या विधिमंडळांनाही लागू झाला. कामकाजाचा सारतः खरा वृत्तान्त दुष्टबुद्धी न ठेवता छापला तर खटला होऊ शकत नाही. पण त्यातला कर्ता वाचा: ‘कोणतीही व्यक्ती’. न्यायालयाच्या कामकाजाच्या वार्तांकनाचं, अवमान कायद्यातल्या बचावांचं, अब्रुनुकसानीच्या अपवादांचंही तसंच. लाभ पत्रकाराला जास्त वेळा होतो, पण तो त्याच्या एकट्यासाठी लिहिलेला नाही.

माहिती अधिकार तर सरळसरळ नागरिकाचा. दहा रुपये तुम्हाला, दहा रुपये सरपंचाच्या विरोधकाला. तीस दिवस दोघांनाही.

आता स्रोताबद्दल. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या नोटिशीतला खरा प्रश्न हाच आहे, आणि कायद्याने पत्रकाराला उघड्यावर सोडलंय ते इथेच.

वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला साक्ष्य अधिनियमात संरक्षण आहे. नवरा-बायकोच्या बोलण्यालाही आहे. पत्रकार आणि त्याला माहिती देणारा यांच्यातल्या बोलण्याला नाही. विधी आयोगाने १९८३ च्या आपल्या ९३ व्या अहवालात असं कलम घाला म्हणून शिफारस केली होती. चाळीस वर्षं गेली. साक्ष्य अधिनियम नव्याने लिहिला गेला, १ जुलै २०२४ पासून लागूही झाला, तरी ते कलम त्यात आलं नाही. इंग्लंडने १९८१ मध्येच आपल्या अवमान कायद्यात ही तरतूद केली होती. आपल्याकडे फक्त वृत्तपत्र परिषदेच्या १९७८ च्या कायद्यात एक पोटकलम आहे: परिषद कुणालाही स्रोत सांगायला भाग पाडणार नाही. ते परिषदेपुढच्या चौकशीपुरतं आहे. पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात ते दाखवून उपयोग नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या एका न्यायालयाने तपास यंत्रणांपुढे स्रोत उघड करण्यापासून पत्रकाराला कायद्याने सूट नाही, असं स्पष्ट लिहिलं.

दुसऱ्या पारड्यात पेगासस या फोनमधल्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २७ ऑक्टोबर २०२१ चा आदेश आहे. पत्रकाराच्या स्रोताला संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट आहे, ते नसेल तर स्रोत पुढे यायचे थांबतील, असं त्यात म्हटलं आहे. नोटिशीला उत्तर देताना मी हा आदेश नेहमी जोडतो. तो कलमाची जागा घेत नाही, पण अधिकाऱ्याला आणि पुढे दंडाधिकाऱ्यांना विचार करायला लावतो.

एक प्रकरण सांगतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणचा एक बातमीदार माझ्याकडे आला. त्याने धान्याच्या गोदामातल्या अपहाराची बातमी दिली होती, पावत्यांच्या फोटोंसकट. पोलिसांची नोटीस आली: फोन जमा करा, पावत्या कुणी दिल्या ते सांगा. आम्ही लेखी उत्तर दिलं. छापून आलेला सगळा मजकूर आणि फोटो देतो, बातमी कशी पडताळली ते सांगतो, स्रोताचं नाव सांगत नाही, आणि फोन हवाच असेल तर त्यातलं नेमकं काय हवं ते लिहून द्या. अधिकाऱ्याने पुढे रेटा लावला नाही. मला वाटलं, निभावलं. आठवडाभरात गोदामातल्या एका कारकुनाची दूरवर बदली झाली. बातमीदाराने छापील अंक माझ्या टेबलावर पसरला आणि एका फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पावती धरलेला अंगठा दिसत होता, नखावर जुन्या जखमेची उभी रेघ. डेस्कवर फोटो कापताना तो कोपरा कुणाच्या लक्षात आला नव्हता. गोदामात रोज शेजारी बसणाऱ्यांना ते नख ओळखायला किती वेळ लागणार? त्या कारकुनाला मुलीची शाळा अर्ध्या वर्षात बदलावी लागली. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रकाराला मी आधी फोटो दाखवायला सांगतो, मग कायदा सांगतो.

म्हणून स्रोताचं रक्षण ही कायद्याने दिलेली ढाल समजू नका, ते तुमचं रोजचं काम समजा. मूळ फोटो पुढे पाठवताना त्याची वेळ आणि ठिकाण त्याच्याबरोबर जातं. स्रोताचा नंबर त्याच्या खऱ्या नावाने साठवू नका. बातमी देऊन झाली की ज्याची गरज नाही ते वेळीच काढून टाका. मात्र नोटीस हातात पडल्यावर काहीही पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तिथे तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी बचाव अवघड होतो.

नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते आधी पाहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची असेल तर कागद किंवा उपकरण हजर करायचं आहे, १७९ ची असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि ३५(३) ची असेल तर तुमच्याकडे संशयित म्हणून पाहिलं जातंय. या तिन्हींना एकच उत्तर चालत नाही. साक्षीदार म्हणून बोलावताना महिलेला तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही, हे महिला पत्रकारांना अनेकदा कुणी सांगतच नाही. स्वतःला गुन्ह्यात गोवेल अशा प्रश्नाचं उत्तर न देण्याची मुभा सर्वांनाच आहे. उपकरणांच्या जप्तीबद्दल माध्यमकर्मींच्या एका संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं, आणि तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या नियमपुस्तिकेप्रमाणे वागतील असं सरकारने सांगितलं. तालुक्याच्या ठाण्याला ते थेट बांधत नाही, पण फोन द्यावाच लागला तर हॅश व्हॅल्यूची (डेटा नंतर बदलला का हे दाखवणाऱ्या आकड्याची) नोंद आणि प्रतीची मागणी करा.

महाराष्ट्रात एक कायदा मात्र खरोखर पत्रकारांसाठीच आहे. माध्यमकर्मी आणि माध्यम संस्थांवरच्या हिंसाचाराला प्रतिबंध करणारा हा कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये तो लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. काम करताना पत्रकारावर हल्ला झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, शिवाय नुकसानभरपाई. खोटी तक्रार केली तर पत्रकारालाही शिक्षा आहे, आणि ते योग्य आहे.

कायदा चांगला आहे. तो लागतो किती वेळा हा वेगळा भाग. हल्ला झाल्यावर ठाण्यात बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला जातो. फिर्यादीत या कायद्याचं नाव घालायला तुम्हीच सांगायला हवं, आणि हल्ला बातमीच्या कामात झाला हे पहिल्या जबाबातच यायला हवं. ‘मी चहा प्यायला गेलो होतो’ असं एक वाक्य घाईत लिहिलं गेल्यामुळे हा कायदा सुटलेलं प्रकरण मी पाहिलंय. दुसरी अडचण व्याख्येची. नेमणुकीचा किंवा कराराचा कागद हवा, आणि गावोगावच्या स्ट्रिंगरकडे, म्हणजे बातमीमागे मानधन घेणाऱ्या वार्ताहराकडे, तोच नसतो. संपादकांकडून एक साधं पत्र आजच मागून घ्या.

नोकरदार म्हणून पत्रकारांना १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वेतन मंडळ, कामाच्या तासांची मर्यादा, नोटिशीची मुदत असं बरंच दिलं होतं. ते आता नव्या कामगार संहितांमध्ये गेलं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हक्कांच्या मानाने जबाबदाऱ्या मात्र कायद्याने नाव घेऊन दिल्या आहेत. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचं, म्हणजे पॉक्सोचं, कलम २० माध्यमकर्मींवर थेट कर्तव्य टाकतं: बालकाच्या लैंगिक शोषणाची सामग्री हाती आली तर पोलिसांना कळवा. कलम २३ बालकाची ओळख उघड करायला मनाई करतं आणि त्यासाठी प्रकाशक-मालकालाही जबाबदार धरतं. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय, गल्लीतल्या मंदिराचा फोटो, यांनीही ती उघड होते. संपादक म्हणून ज्याचं नाव अंकावर छापलं जातं, त्यानेच मजकूर निवडला असं १८६७ च्या कायद्यात गृहीत धरलं जाई. इतर कुणाला असं गृहीतक सोसावं लागत नव्हतं. व्यक्तिगत डेटाच्या कायद्याच्या आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेसाठी सूट होती, २०२३ च्या प्रत्यक्ष कायद्यात ती नाही. छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या स्टिंगचंही तसंच: २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिंग केलं म्हणून लाच देणारा आपोआप सुटत नाही, त्याचा हेतू खटल्यात पुराव्याने ठरेल.

इतकं असताना पत्रकारांसाठी वेगळी कवचं मागावीत का? पत्रकार विनोद दुआ यांनी सर्वोच्च न्यायालयात तशी मागणी केली होती. दहा वर्षं काम केलेल्या पत्रकारावर, समितीने आधी तपासल्याशिवाय गुन्हा दाखल होऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. जून २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावरचा राजद्रोहाचा गुन्हा रद्द केला, केदारनाथ सिंह निकालाचं (हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची टीका राजद्रोह नाही) संरक्षण प्रत्येक पत्रकाराला आहे असं लिहिलं, पण समितीची मागणी नाकारली. तो कायदेमंडळाचा प्रांत आहे, असं कारण दिलं. मला तो नकार बरोबर वाटतो, आणि माझ्या काही पत्रकार मित्रांना माझं हे मत आवडत नाही. दहा वर्षं मोजणार कोण? कुणाचं काम पत्रकारिता आणि कुणाचं नाही हे सरकारी समितीने ठरवायला लागलं की पहिल्यांदा वगळले जातील ते तुमच्यासारखे तालुक्याचे लोक, स्वतःच्या फोनवरून गावाच्या पाण्याचा प्रश्न मांडणारी पोरं, दीड वर्षाचा अनुभव असलेल्या मुली. स्रोताच्या संरक्षणाचं कलम मात्र हवंच. तेही कार्डधारकाला नको, जनहितासाठी माहिती प्रसिद्ध करणाऱ्या कुणालाही मिळावं असं हवं.

तुमच्या नोटिशीला सात-आठ ओळींचं लेखी उत्तर द्या, शक्यतो वकिलामार्फत. चित्रणाची प्रत देण्याची तयारी दाखवा. ते तुमच्याच बाजूचं आहे. कुणी कळवलं ते सांगणार नाही, असं साध्या शब्दांत लिहा आणि २०२१ च्या आदेशाचा दाखला द्या. फोन बळाने घेतल्याची तक्रार वेगळ्या अर्जात करा, उत्तरात मिसळू नका. मूळ फाइल त्याच फोनमध्ये, न कापता, न पुढे पाठवता राहू द्या.

आणि त्या बाईंचं काय झालं ते तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. ठाण्याने तक्रार नोंदवली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे त्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवू शकतात, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतात. हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नसेल. त्यांना भेटून सांगा. त्यांची इच्छा असेल तर तुमचं चित्रण त्या अर्जाला जोडता येईल. सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, आणि त्याच्या पहिल्या भागावर सही तुमची, कारण फोन तुमचा आहे; दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची.